भामरागड : मच्छरदाण्यांच्या मागे तीन दिवस

ऑक्टोबरात मलेरियाच्या कामासाठी आलापल्लीहून गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड गाठलं. पावसाळ्यात जाणार असाल तर पर्लकोटा नदीच्या पुराची आधी चौकशी करा, नाहीतर अलीकडेच अडकाल.

काम सोपं वाटलं होतं. आशाताईंबरोबर (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) टोल्याटोल्यावर, म्हणजे वस्त्यावस्त्यांवर फिरायचं आणि औषधी (डासनाशक लावलेल्या) मच्छरदाण्या वापरात आहेत का ते बघायचं. पहिल्या दिवशी मी मराठीतून विचारत सुटलो, "मच्छरदाणी वापरता ना?" सगळीकडे "हो". वही भरली. संध्याकाळी आशाताई हसल्या, "दादा, असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माडियातून, म्हणजे इथल्या आदिवासींच्या बोलीतून, एवढंच विचारलं, काल रात्री कोण कुठे झोपलं? घरधनी आणि दोन पोरं धानाच्या राखणीला मचाणावर. मच्छरदाणी घरात, खुंटीला. पुढच्या चार घरांत हेच. माझी वही तिथेच बाद झाली.

तेव्हा माडिया बोलणारं माणूस सोबत हवंच. पोचायचं उजाडता उजाडता, नंतर गाव शेतावर असतं. नवी मच्छरदाणी पाकिटातून काढली की दिवसभर सावलीत पसरून ठेवायला सांगा. तशीच टांगली तर तोंड चुरचुरतं, आणि मग ती पुन्हा कुणी टांगत नाही. धुवायची साध्या साबणाने, वाळवायचीही सावलीतच. घरातल्या भिंतींवरच्या डासनाशक फवारणीची तारीख गावाला विचारून ठरवलेली बरी, कारण नंतर भिंत लिंपली की औषध मातीखाली जातं. आणि गटारं शोधत बसू नका. इथला डास ओढ्याच्या संथ, स्वच्छ पाण्यातही वाढतो.

या जिल्ह्यात फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार जास्त. तो मेंदूत जाऊ शकतो, म्हणून ताप आला त्याच दिवशी तपासणी. बोटातून थेंब घेतला की किटवर 15-20 मिनिटांत कळतं. किट आशाताईंकडेच असतं.

स्वतःसाठी प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. परतल्यावर महिन्याभरानेही ताप आला तरी कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. मला बाराव्या दिवशी हुडहुडी भरली. डॉक्टर "व्हायरल" म्हणाले, मीच हट्टाने रक्त तपासायला लावलं. व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचाच दुसरा प्रकार निघाला. प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्यांपैकी पाचव्या दिवशीच बरं वाटायला लागलं आणि उरलेल्या सोडून द्याव्यात असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.

माझी मच्छरदाणी? पहिल्या दोन रात्री उकडतंय म्हणून सॅकमध्येच होती.