कर्नल अपग्रेड आणि वाचनालयाची डिस्क

आज खानापुरातील आमच्या वाचनालयाच्या संगणकावर लिनक्स या कार्यप्रणालीचे नवे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, चढवल्यानंतर काही वेळातच डिस्क ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येणारी) झाली आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींत, ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ ही डिस्कवरील फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममधील बिघाडाची ओळ वारंवार उमटू लागली. याच डिस्कवर सीमाभागातील जुन्या मराठी साप्ताहिकांची स्कॅन केलेली पाने आहेत, त्यामुळे आम्हा सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला.

अशा वेळी लगेच एफएससीके हा फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवण्याचा मोह आवरायला हवा, कारण तो दुरुस्ती करताना डिस्कवरच लिहितो आणि अंदाज चुकला तर उरलेसुरलेही हातचे जाते. आम्ही पेनड्राइव्हवरील जुन्या कर्नलने यंत्र सुरू केले, संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच केली. बरीचशी पाने जागच्या जागी सापडली. काही मात्र नावे गमावून ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये नुसत्या आयनोड क्रमांकाने (फाइल सिस्टिमच्या अंतर्गत नोंदीच्या क्रमांकाने) पडली आहेत, आणि ती एकेक उघडून, मथळा वाचून ओळखावी लागत आहेत.

२०१८ साली कर्नल ४.१९ मध्ये फायली बिघडू लागल्या, तेव्हा संशय आधी ईएक्सटी४वरच गेला होता. प्रत्यक्षात दोष निघाला तो डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्या हाताळणाऱ्या ब्लॉक स्तरात, आणि डिसेंबरमध्ये तो दुरुस्त झाला. म्हणूनच रॅम आणि केबल तपासल्याशिवाय नव्या कर्नलला दोषी धरणे मला रास्त वाटत नाही. उद्या रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम चालवू. तोवर ग्रब या, यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतील जुने कर्नलच वापरात राहील.