उतार पडलाय की बरे झाले?

नववीत असताना इंग्रजीच्या सरांनी एकदा विचारलं, "बेटर म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अधिक चांगले!"

"असं घरी कोण बोलतं?" सर म्हणाले.

खरंच, कुणीच बोलत नव्हतं. आपली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, उरलेल्यांच्या घरी मराठी. मग सरांनी आम्हाला बोलतं केलं आणि फळा भरत गेला. 'आज जरा बरं वाटतंय.' 'रिक्षापेक्षा पायी गेलेलं परवडलं.' 'कुस्तीत धाकटाच सरस.' 'दोघांत एकोणीस-वीसचा फरक.' इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी बेटर चालतो. पण नेमकं बोलायचं तर तिथेही वेगळे शब्द आहेत: दर्जाने वरचा तो सुपीरियर, दोहोंतून निवडावासा वाटतो तो प्रेफरेबल. हे दोन्ही लॅटिनमधून आलेले, म्हणून त्यांच्यामागे 'दॅन' नाही, 'टू' येतो. बोर्डाच्या परीक्षेत माझा तो एक गुण कधी गेला नाही.

"आणि फाइनर? फाइनर म्हणजे बेटरच ना?" सरांनी विचारलं.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. मी उभा राहिलो. 40 नंबरचं सूत 20 नंबरापेक्षा बारीक, म्हणजे फाइनर असतं, पण आपल्या चादरीला जाडच सूत लागतं, नाहीतर ऊब येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. 840 यार्डांच्या जितक्या लडी एका पौंडात बसतात तो सुताचा नंबर, म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होतं, हे त्या दिवशी सरांकडून कळलं. त्यांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं : चादरीसाठी फाइनर सूत बेटर नव्हे. वडिलांच्या मागावरची गोष्ट शाळेच्या फळ्यावर! मी ते वाक्य वहीत दोनदा उतरवून घेतलं.

त्याच पावसाळ्यात वडील तापाने पडले. तीन दिवसांनी शाळेत गेलो तेव्हा रजेच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'माय फादर इज बेटर नाऊ.' सरांनी अर्ज वाचला आणि मला जवळ बोलावलं.

"इंग्रजीत याचे दोन अर्थ होतात बाळ. उतार पडलाय, की बरे झाले?"

"उतार पडलाय, सर."

"मग अजून दोन दिवस घरीच थांब. अर्ज राहू दे माझ्याकडे."