सांगलीत राहून हळद का नाही, असे विचारलेत म्हणून

प्रदर्शनात माझ्या टेबलाशी थांबणारी माणसे मी रंगवलेले कार्ड हातात घेतात, उलटे करतात, मागे लिहिलेली रंगांची नावे वाचतात आणि मग विचारतात, "ताई, सांगलीत राहता आणि पिवळ्यासाठी हळद वापरत नाही?" त्यापाठोपाठ बीट येते, जास्वंद येते, पालक येतो, आणि शेवटी घरचे रंग असताना हे ट्यूबमधले रंग कशाला, अशी थोडी नाराजी येते. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण गेली सहा वर्षे मी या प्रश्नाला गर्दीत उभी राहून दोन वाक्यांत उत्तर देत आले आहे, आणि त्या दोन वाक्यांनी कोणाचेही समाधान झालेले नाही. काहींनी मला आळशी ठरवले, तर एका बाईंनी मातीशी नाते तुटलेली म्हटले. ते मला लागले. म्हणून आज सगळे सांगते.

मातीचे म्हणाल, तर माझ्या निम्म्या कार्डांवर मातीच आहे. तांबड्यासाठी गेरू, मातकट पिवळ्यासाठी पिवडी आणि काळ्यासाठी दिव्याची काजळी, हे तिन्ही मी घरी वाटून, डिंकाच्या पाण्यात घोटून वापरते. गेरू आणि पिवडी यांचा रंग लोखंडाच्या संयुगांचा असतो आणि उन्हाने तो बिघडत नाही. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवरचे कावीचे, म्हणजे तांबड्या मातीचे, काम उघड्या हवेत टिकून राहिले, ते याच गुणामुळे. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन; जुन्या पोथ्यांतली अक्षरे आजही काळीभोर दिसतात ती त्यामुळेच. तेव्हा नैसर्गिक रंगांशी माझे वैर आहे, हा समज कृपा करून सोडून द्यावा. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा दुसरा समजही सोडावा. पोथीत चुकलेले अक्षर झाकायला जो हरताळ फासत असत, तो जमिनीतून निघणारा, अस्सल नैसर्गिक पिवळा रंग आहे, आणि त्यात आर्सेनिक असते.

माझे भांडण आहे ते रसाच्या रंगांशी. हळद, बीट, जास्वंद यांचे रंग वनस्पतीच्या पेशींत तयार झालेले असतात, आणि कागदावर आल्यानंतर उजेड, हवा, आंबट-खारट असे काहीही त्यांना बदलू शकते. बीटाचा राणी रंग दिवसागणिक तपकिरीकडे झुकतो. जास्वंदीचे पाणी लिंबाने लाल होते आणि सोड्याने हिरवट. हळदीचे तर स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे: साबण लागला की डाग लाल होतो, आणि तेच कपडे उन्हात वाळत घातले की डाग उडून जातो. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होते. ठाऊक असूनही मी जे केले, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

सात वर्षांपूर्वी मिरजेच्या एका मुलीने लग्नासाठी माझ्याकडून पत्रिका करून घेतल्या, आणि त्यांच्याबरोबर एक मोठे आशीर्वादाचे कार्ड मागितले. तिच्या आजीच्या हाताचा ठसा त्यावर हवा होता. मुलगी व्यवहारी होती, ती म्हणाली, "ताई, ठशासाठी ॲक्रिलिक चालेल ना? टिकेल ते." मी तिला समजावले. लग्नाचा हात हळदीचाच असला पाहिजे, आजींच्या नाजूक कातडीला रासायनिक रंग कशाला, आणि हळदीच्या गावात राहून प्लास्टिकचा पिवळा लावायचा हे बरे दिसत नाही, असे मी तिला म्हटले. आज प्रदर्शनात जी वाक्ये मला ऐकवली जातात, ती त्या दिवशी मी तिला ऐकवली होती. ती गप्प बसली, कारण या कामातले मला जास्त कळते असा तिचा विश्वास होता.

कागदात मी काही कमी केले नव्हते. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांपासून केलेला जाड कागद मी आणला होता. हळद चाळून तांदळाच्या खळीत कालवली, चिमूटभर तुरटी घातली. तुरटीने रंग बांधला जातो, असे मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे. कापड तुरटीच्या पाण्यात उकळणे निराळे आणि कागदावर तुरटी मिसळलेला लेप लावणे निराळे, हे मला फार उशिरा कळले. कागदावर तुरटीने हळद काही काळ उजळ दिसते, उजेडापासून ती वाचत नाही, आणि तुरटीचा आंबटपणा कागदालाच जाचतो.

आजी पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी संधिवाताने आत वळलेली होती, ती काही केल्या सरळ होईना, म्हणून ठशात चार बोटे पूर्ण आली आणि करंगळीच्या जागी नुसता एक ठिपका उठला. तळव्यावरच्या रेषा मात्र खळीमुळे इतक्या स्वच्छ आल्या की आम्ही तिघीही काही वेळ बोललो नाही. मग आजींनी कागदाकडे बघत म्हटले, "छान उठलाय गं. पण हळद आहे बाई ती, उन्हाला उडून जाते. लुगड्यावरचा डाग आपण उन्हातच घालवतो की." मी म्हणाले, "आजी, काचेत राहील." त्या हसल्या आणि हात धुवायला उठल्या. साबणाने त्यांच्या हाताची हळद लाल झालेली मला आजही दिसते.

पाच महिन्यांनी आजी गेल्या. मुलीने ते कार्ड फ्रेम करून दिवाणखान्यात लावले. पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर, सकाळी सगळ्यात आधी ऊन पडते तिथे, कारण आजींचा हात घरातल्या सर्वांना उठल्याबरोबर दिसावा असे तिला वाटत होते. त्यानंतर साधारण वर्षभराने तिचा फोन आला. "ताई, तुम्ही एकदा येऊन बघाल का?" एवढेच ती म्हणाली.

मी गेले. फ्रेमच्या काचेत मला आधी माझाच चेहरा दिसला. कागद पांढरा होता. काच काढून कागद तिरका धरल्यावर खळीची हलकी चमक तेवढी दिसत होती. त्या चमकेत चार बोटे आणि एक ठिपका होता, रेषा नव्हत्या. फ्रेमच्या पट्टीखाली मनगटाकडचा दोरा-दीड दोऱ्याइतका अरुंद भाग झाकलेला राहिला होता, तो मात्र हाताची हळद ओली असावी तसा पिवळाधमक होता. त्या पिवळ्या रेघेकडे पाहताना मला जे वाटले ते मी कधी नीट लिहू शकलेले नाही. ती रेघ नसती तर कदाचित मी कागदाला किंवा दमट हवेला दोष दिला असता. मुलगी म्हणाली, "मी ॲक्रिलिक म्हणाले होते ना, ताई." आवाज चढवून म्हणाली असती तर मी उत्तर दिले असते.

लग्नातल्या फोटोवरून पिवडीने तो ठसा पुन्हा काढून देण्याची तयारी मी दाखवली. तिने मान हलवली. "तो आजीचा हात नाही होणार," ती म्हणाली. पैसे परत देऊ केले, तेही तिने घेतले नाहीत. कार्ड तिने पुन्हा फ्रेममध्ये घातले आणि कपाटात ठेवले.

आता माझी बाजू. फ्रेम उन्हात लावायचे त्यांनी ठरवले होते, मला विचारले नव्हते. उजेड न लागता ठेवलेली हळद पुष्कळ टिकते; आमच्या शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळकुंडे वर्षानुवर्षे रंग न उतरता राहत असत, हे सांगलीत कोणालाही विचारा. अल्बममध्ये ठेवले असते तर तो ठसा अजून दिसला असता. हे सगळे खरे आहे, आणि कित्येक रात्री मी ते स्वतःला सांगितले आहे. पण उन्हात लावू नका, हे सांगायचे काम माझे होते, आणि ज्या आजींचा तो हात होता त्यांनीच मला ते सांगितले होते. त्यांचे ऐकले नाही, यापुढे माझी बाजू जात नाही.

त्यानंतर मी खिडकीवर पट्ट्या लावायला लागले. प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर ओढायची, अर्धी काळ्या कागदाने झाकायची आणि दक्षिणेच्या काचेवर चिकटवायची. कापडाच्या उद्योगात यासाठी निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या ८ पट्ट्यांचे माप वापरतात. पुढची पट्टी उडायला आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट वेळ लागावा, अशी त्यांची योजना असते. माझ्याकडे ते माप नव्हते, पण हळदीला मापाची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी झाकलेल्या आणि उघड्या भागांतला फरक डोळ्यांना दिसला, आणि दोन आठवड्यांनी उघड्या भागात पिवळेपणा शोधावा लागला. बीट त्याआधीच गेले होते. पिवडी वर्षभर तिथे होती. काळा कागद काढल्यावर सीमा कुठे होती ते मला सापडले नाही.

त्याच खिडकीने बाजारच्या रंगांबद्दलचा माझा भरवसाही उतरवला, हे सांगितले पाहिजे, नाहीतर मी दुकानदारांची वकिली करते आहे असे वाटेल. चमकणारे गुलाबी आणि पोपटी पोस्टर रंग एका उन्हाळ्यात उडाले. हल्ली कार्डांवर ज्यांची फार हौस आहे, त्या स्पिरिटमध्ये पसरणाऱ्या शाया दिसायला देखण्या असतात, पण त्यांत रंग विरघळलेला असतो, कणांच्या रूपात नसतो, आणि त्याही पट्टीवर टिकल्या नाहीत. फाउंटन पेनची नेहमीची निळी शाई तशीच. म्हणून आता मी बाटलीवर 'नॅचरल' लिहिले आहे की 'ॲक्रिलिक', हे पाहतच नाही. मागच्या बारीक अक्षरांत रंगकणाचा क्रमांक शोधते. माझा उजळ पिवळा 'पीवाय १५४' आहे. तो कारखान्यात होतो, ॲक्रिलिक माध्यमात येतो, ब्रश धुतला की त्यातला थोडा प्लास्टिकचा अंश पाण्यात जातो. मी ब्रश आधी फडक्याने पुसते, धुतलेले पाणी बादलीत निवळू देते, गाळ वाळवून वेगळा टाकते, तरी सगळे प्लास्टिक त्यात अडकते असा माझा दावा नाही. या मुद्द्यावर जे मला बोल लावतात, त्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक कबुली द्यायची आहे. कार्यशाळांमध्ये मी पूर्वी सांगत असे की फिके पडणे हा रंगाचा दोष नसून ते त्याचे वय आहे, रांगोळीही संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि तरी आपण ती काढतो. ऐकणाऱ्यांना ते फार आवडायचे. आज मी तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, सांगेन की रांगोळी उद्या पुन्हा काढायची असते, तिच्यासाठी कोणी फ्रेम विकत आणत नाही. कार्ड मात्र माणूस ठेवण्यासाठी घेतो, आणि त्यावरचा हात पुन्हा मिळणार नसतो. पण तिचे सगळेच चूक होते, असे म्हणायला माझे मन धजत नाही. हळदीच्या पातळ पाण्यात जी आतून उजळल्यासारखी झाक असते, ती ना पिवडीत आहे, ना 'पीवाय १५४' मध्ये. मी पुष्कळ मिश्रणे करून पाहिली, ती मला साधलेली नाही. आणि आजींच्या तळहाताला ओली हळद लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, ते ट्यूबमधल्या रंगाने आले असते का, हे मी ठरवू शकत नाही. त्या मुलीपाशी निदान तेवढी सकाळ आहे, असे मी कधी कधी म्हणते, आणि लगेच मला वाटते की हे म्हणण्याचा अधिकार तिचा आहे, माझा नाही.

हल्ली ठसा हवा असणाऱ्यांना मी दोन कागद घ्यायला सांगते, एक हळदीचा अल्बमसाठी आणि एक पिवडीचा भिंतीसाठी. बहुतेक जण ऐकतात. गेल्या महिन्यात माधवनगरहून आलेल्या एका बाईंनी ऐकले नाही. सासूबाईंचा हात हळदीचाच हवा, एकच हवा, आणि तो देवघराशेजारी लावायचा, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. देवघर पूर्वेला आहे का, असे मी विचारले. हो, म्हणाल्या. माझ्या खिडकीवरच्या पट्ट्या मी त्यांना आणून दाखवल्या. त्यांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे ताई, उडाला तरी आम्हाला ठाऊक असेल तिथे काय होते ते."

मी ठसा घेऊन दिला. कागदाच्या मागे तारीख घातली, सासूबाईंचे नाव लिहिले आणि खाली 'उन्हात ठेवू नये' असे लिहिले. काजळीच्या शाईने लिहिले.