पानिपतातून विज्ञानाकडे

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर स्मरणिकेसाठी मनोगत लिहिण्याचा शाळेचा निरोप आला, तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही. १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातील चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांत कोल्हापूर नाही. तरीही आमचे विज्ञानाचे सर त्यांना ‘आपले नारळीकर’ म्हणत आणि आम्हांला ते मनोमन पटे.

एका मोकळ्या तासाला सरांनी नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचून दाखवली. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि मराठे जिंकतात. पानिपताचे दुःख आम्हां मुलांना घरोघरी ऐकून ठाऊक होते, त्यामुळे त्या विजयाने वर्ग अक्षरशः उसळला. सर मात्र तिथे थांबले नाहीत. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात, आणि त्या प्रत्येक शक्यतेचे एकेक जग असू शकेल, हा कथेतला विचार त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून समजावला. मग त्यांनी इतिहासाच्या बाईंनाच वर्गात बोलावले. एका गोळीने लढाई फिरत नसते, असे बाईंनी ठामपणे सांगितले. तुटलेली रसद, उपासमार, सैन्यासोबतचे हजारो बिनलढाऊ लोक यांचे काय, असे त्यांनी विचारले. सरांनी त्यातले काहीही खोडले नाही. माझ्या मते बाईंचा आक्षेप रास्तच होता आणि कथेचे मोठेपणही त्यातच होते, कारण इतिहास आणि भौतिकशास्त्र यांचा वाद एकाच वर्गात, एकाच तासाला व्हावा, इतके बळ तिच्यात होते. पुढे मी भौतिकशास्त्र घेतले, त्याचे मूळ त्या तासात आहे.

लेखक म्हणून नारळीकरांचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली होती. पद्मभूषण मिळून कित्येक वर्षे झालेल्या शास्त्रज्ञाने नवख्या लेखकासारखी स्वतःची परीक्षा करवून घेतली, आणि कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

२०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, पण प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत. विज्ञानकथेला हा मान फार उशिरा मिळाला, असे मला वाटते.

शाळेला माझी एक विनंती आहे. ती पानिपताची कथा दरवर्षी नववीच्या वर्गात मोठ्याने वाचली जावी, आणि त्या तासाला विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी वर्गात उपस्थित राहावे.