पंचनाम्यात शॉर्ट सर्किट

यवतमाळ जिल्ह्यात मार्च उजाडला तरी बऱ्याच घरांतला कापूस विकलेला नसतो. भाव चढेल या आशेवर शेतकरी एक अख्खी खोली छतापर्यंत कापसाने भरतो आणि उरलेल्या घरात कसाबसा राहतो. मी इथल्या एका तालुक्याच्या गावी नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्रात फायरमन आहे. आमचे कॉल बहुतेक ठरलेले असतात. सोयाबीनची गंजी, धुऱ्यावर पेटवलेलं गवत, घरचा सिलिंडर, जिनिंगमधला कापूस. त्या पहाटे फोनवर एक पोरगा ओरडत होता, "बॅटरीची गाडी पेटली!" मी पहिलं विचारलं, "घरात कापूस आहे का?"

"हाय ना. भिंतीच्या पलीकडंच."

पाच हजार लिटरची गाडी काढली. गाव पंचवीसेक किलोमीटर, शेवटचा रस्ता निव्वळ पांदण. वाटेत त्या पोराला फोनवर सांगत होतो: माणसं आणि ढोरं बाहेर काढा, लाईनमनला सांगून डीपीवरूनच लाईन बंद करा, धूर जातो त्या बाजूला कोणी थांबू नका. लाईनमन त्याच गावचा होता, ते बरं झालं.

कवेलूचं घर, पुढे सपरी, सपरीत स्कूटर. सीटखालून शिट्टी वाजावी तसा आवाज करत ज्वाळा आडव्या येत होत्या आणि मध्येच ठो करून एखादा सेल उडून अंगणात पडत होता. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असं ते लोखंडी नळकांडं, जमिनीवर पडूनही फुरफुरत राहायचं. सपरी आणि कापसाची खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. तिला झडप नव्हती, पोतं लावलेलं होतं.

गावकऱ्यांनी घमेल्यांनी माती टाकली होती. शाळेतलं पावडरचं यंत्रही कोणीतरी आणून रिकामं केलं होतं. ज्वाळा क्षणभर बसल्या आणि पुन्हा उठल्या, असं ते सांगत होते. तसंच होणार होतं. पावडर ज्वाळा मारते, उष्णता मारत नाही. लिथियम बॅटरीत एक सेल हाताबाहेर गेला की तो शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. शिवाय आतल्या रसायनातूनच थोडा ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे मातीने हवा तोडून फारसं काही साधत नाही. उलट माती उष्णता आत कोंडून धरते. तिथे लागतं पाणी, आणि भरपूर लागतं.

मी पाईप उलगडायला घेतला तर म्हातारा घरमालकच आडवा आला. "साहेब, पाणी नका मारू, करंट लागन!"

डीपी बंद असल्याची लाईनमनकडून खात्री करून घेतली होती. राहिली गाडीची बॅटरी, ती ४८ व्होल्टची. इलेक्ट्रिक बस असती तर गोष्ट वेगळी होती, तिथे शेकडो व्होल्ट असतात. बाबाजींना हाताला धरून बाजूला केलं. केंद्रात श्वसनाचे संच मोजकेच आहेत, त्यातला एक मी चढवला. या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, हायड्रोजन फ्लोराईड असतो. दुपट्टा ओला करून तोंडाला बांधला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. धुळीसाठी ठीक आहे, या वायूपुढे त्याचा काही उपयोग नाही.

जागेवर विझवत बसलो असतो तर खिडकीतून कापूस गेला असता. म्हणून एका पाईपने खिडकीवर पाण्याचा पडदा धरला, दुसऱ्याने स्कूटर भिजवत ठेवली आणि ड्रायव्हरने लांब दांड्याचा आकडा तिच्या मागच्या चाकात अडकवून तिला अंगणात ओढली. तोवर पोतं जळून गेलं होतं आणि दोन-चार सेल आत पडले होते.

कापसाची आग दिसत नाही. वरून पांढराशुभ्र ढीग आणि आत हातभर खोल लाल ठिणगी सरकत असते. कापूस आणि ही बॅटरी, दोघांची खोड एकच: वरून विझतात, आतून जळत राहतात. गावातली पंधरा-वीस पोरं कामाला लागली. दाताळ्याने कापूस ओढायचा, बाहेर नेऊन पसरायचा, धूर दिसला की पाणी. सूर्य चांगला वर येईपर्यंत अंगणभर भुरकट, काळा, ओला कापूस पसरला होता. जळाला फार तर दोन-तीन क्विंटल. भिजला त्याच्या कितीतरी पट.

बाबाजी त्याकडे बघत म्हणाले, "आगीनं नेला तो थोडाच व्हता साहेब. तुमच्या पाण्यानंच जास्त नेला."

हे ऐकायची आम्हाला सवय आहे, आणि ते खोटंही नसतं. भिजलेल्या कापसाला व्यापारी काय भाव देतो ते मला माहीत आहे, माझ्या घरीही शेती आहे. मी काही बोललो नाही.

स्कूटर विझून तासभर झाला होता. उष्णता बघायचा कॅमेरा आमच्याकडे नाही, म्हणून बॅटरीच्या पॅकवर, म्हणजे सेलांच्या जुडग्यावर, पाणी मारायचं आणि कुठला भाग आधी सुकतो ते बघायचं. एक कोपरा सारखा सुकत होता. थोड्या वेळाने तिथूनच पुन्हा वाफ, मग धूर. विझलेली लिथियम बॅटरी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पेटू शकते, म्हणून असा पॅक घराशेजारी सोडून आम्ही निघत नाही. कोणी म्हणालं ढोरांच्या हौदात टाका. ते मी होऊ दिलं नाही, त्या पाण्यात काय काय उतरतं ते जनावराच्या पोटात जायला नको. शेवटी फवारणीचं दोनशे लिटरचं ड्रम मागवलं, घरापासून दूर रिकाम्या आवारात ठेवलं, पाण्याने भरलं आणि फावड्याने पॅक त्यात सोडला. बराच वेळ बुडबुडे येत होते. त्यातही हायड्रोजन असतो, म्हणून झाकण लावलं नाही आणि विड्या ओढणाऱ्यांना हाकललं.

मग बाबाजी जरा बोलते झाले. गाडी तीन-चार वर्षं जुनी, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली. अडीचशे वॅटच्या आतल्या असल्या गाडीला नोंदणी लागत नाही, लायसन लागत नाही. "लायसन नाई, पासिंग नाई, पेट्रोल नाई. वावरात जायले मले लय सोपं पडे." मूळ गाडीत लेडच्या चार बॅटऱ्या होत्या. दोन उन्हाळ्यांत त्या बसल्या. तालुक्याच्या एका मेकॅनिकने त्यांच्या जागी लिथियमचा पॅक बसवून दिला. हलका, जास्त चालणारा. चार्जर मात्र जुनाच. "तो म्हने चांगला हाय, नवा कायले घेता?"

तो चार्जर भिंतीतल्या देवळीत होता म्हणून वाचला होता. वायर वितळली होती, डबा शाबूत. वर छापलं होतं ४८ व्होल्ट. लिथियम पॅकच्या बिलावरही ४८ व्होल्टच. लाईनमनकडे मल्टिमीटर होता. शेजारच्या घरी लाईन सुरू झाल्यावर त्याने वायर तासून चार्जर लावला आणि आकडा मला दाखवला: ५८.८.

लेड बॅटरीसाठी ते बरोबर आहे. बारा व्होल्टची एक बॅटरी भरताना चौदा-साडेचौदाच्या वर जाते, चार मिळून अठ्ठावन्न-एकोणसाठ. लेड बॅटरीत जास्त करंट गेला तर पाणी उकळतं, वास येतो, पाणी घातलं की निदान काही दिवस भागतं. लिथियमचं तसं नाही. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला पॅक तेरा सिरीजचा, म्हणजे तेरा सेल एकापुढे एक जोडलेले. या जातीचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणजे तेरांचे ५४.६. त्यावर ५८.८ चढवले की एकेका सेलवर साडेचारच्या वर जातात. सेल फुगतो, तापतो, आतला प्लास्टिकचा पातळ पडदा १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, आणि मग थांबवणं कोणाच्या हातात राहत नाही.

हे थांबवायला पॅकमध्ये बीएमएसची पट्टी असते, ती बॅटरीवर नजर ठेवते; चार्जिंग जास्त झालं किंवा गाडीने जास्त करंट ओढला की वेळेवर तोडते. तिचं विचारल्यावर मेकॅनिक जरा थांबला. "चढावावर ती सारखी ट्रिप व्हायची. बाबाजी तक्रार घेऊन यायचे. मग तिला वगळून डायरेक्ट केलं."

बाबाजींची सून म्हणाली, आठवडाभर सीटखाली गरम लागायचं आणि सकाळी सपरीत गोडसर वास यायचा. तिला वाटलं, फवारणीचं औषध सांडलं असेल.

२०२२ साली देशात अशा गाड्या लागोपाठ पेटल्या. सिकंदराबादला सप्टेंबरमध्ये हॉटेलखालच्या ई-बाईक शोरूममधून आग वर गेली, आठ जण गेले. त्यानंतर डिसेंबरपासून एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक झालं. चांगलंच झालं. पण ते कंपनीतून निघणाऱ्या नव्या गाडीसाठी. गल्लीतल्या टेबलावर जोडलेला पॅक कोण तपासतो? कोणी म्हणेल मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात आहे. नाही. पेट्रोलच्या पेटलेल्या मोटारसायकली मी यापेक्षा कितीतरी जास्त विझवल्या आहेत, आणि पेट्रोल चुलीजवळ ठेवणारी घरंही पाहिली आहेत.

दुपारी तलाठी आले, पंचनामा झाला. आगीचं कारण: शॉर्ट सर्किट. मी चार्जर दाखवला, ५८.८ आणि ५४.६ चा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "बरोबर असेल, पण विद्युत निरीक्षकांचा अहवाल नाही तोवर मी हे कसं लिहू?" त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्या केंद्राच्या वहीत मात्र मी सगळं लिहिलं, चार्जरवरच्या छापील अक्षरांसकट. तेव्हापासून फोन आला की दुसरा प्रश्न हाच असतो: चार्जिंगला काय लावलं होतं, आणि चार्जर कुठल्या बॅटरीचा?

पॅकचं काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की उत्पादकाने जुनी बॅटरी परत घ्यावी. या पॅकचा उत्पादक कोण? सेल कुठल्यातरी जुन्या पॅकमधून काढलेले, पट्ट्या मेकॅनिकने जोडलेल्या, वर निळं प्लास्टिक, नाव काहीच नाही. मेकॅनिक म्हणतो मी फक्त बसवला. बाबाजींना तो आवारात नको, त्यामुळे बुडबुडे थांबल्यावर आम्हीच ड्रमसकट उचलून आणला. आमच्या केंद्रामागे, जुन्या टायरांपासून लांब, तो ठेवला आहे. भंगारवाला आला की भाव विचारतो. तांबं निघतं म्हणे त्यात. दर वेळी त्याला नाही सांगावं लागतं.