सह्या माझ्याच होत्या

‘ताई, खरं सांगा, तुम्ही नगरसेविका होतात तेव्हा कारभार तुम्ही बघायचात की साहेब?’ लग्नात विचारतात, बारशाला विचारतात. परवा प्रबंधासाठी आलेल्या मुलीने तर चहा व्हायच्या आतच विचारलं. तिला मी हसून टाळलं आणि रात्रभर स्वतःशीच भांडत बसले. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

१९९२ साली मुंबई महापालिकेत बायकांसाठी तीस टक्के जागा राखीव झाल्या आणि सोडतीत आमचा वॉर्ड महिलांना गेला. यांना मिळणारं तिकीट मला मिळालं. लपवायचंय काय त्यात? मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या त्या चळवळीतून. मी गेले चिठ्ठीतून. पण म्हणून मी बाहुली होते का? लालबागला आईच्या खाणावळीत पंचवीस गिरणी कामगार जेवायचे. कोण सूत कातायच्या त्रासनखात्यातला, कोण कापड विणायच्या साचेखात्यातला, कुणाची पाळी कुठली, गावी मनिऑर्डर केल्यावर कुणाकडे जेवणाचे पैसे उरणार नाहीत, हे मला दहाव्या वर्षी पाठ होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आईच्या उधारीच्या वह्या तशाच राहिल्या. हे स्वतः साचेवाले. संपानंतर यांना कुणी कामावर घेतलं नाही, तेव्हा घर माझ्या पोळीभाजीच्या डब्यांवर चाललं. पहाटे चारचं पाणी, तुंबलेली घरगल्ली, संडासाची मोडकी दारं, यातलं यांच्यापेक्षा मला जास्त कळायचं.

मग कोऱ्या कागदावर सह्या का केल्यास, असं तुम्ही म्हणाल.

केल्या. रविवारी हे लेटरहेडचा गठ्ठा आणून ठेवायचे. मी भाकऱ्या आटपून पंख्याखाली बसायचे आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात सही करत जायचे. ‘तू सभेला असतेस, दाखल्यासाठी लोक खोळंबतात,’ असं म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

१९९४ च्या पावसाळ्यात एका सकाळी म्युनिसिपालटीची गाडी आली आणि मार्केटच्या कडेच्या भाजीवाल्यांच्या टोपल्या उचलून घेऊन गेली. दुपारी एक मावशी घरी आली. आईच्या खाणावळीला हीच भाजी घालायची. संपात तिने तीन महिने पैशांचं नाव काढलं नव्हतं. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच बसली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने एक झेरॉक्स काढली. भिजू नये म्हणून चार घड्या घातलेली. फेरीवाल्यांचा नागरिकांना त्रास होतो, तातडीने कारवाई व्हावी. माझं लेटरहेड. खाली माझी सही. माझ्या ‘क’चं शेपूट लांब येतं, ओळखायला वेळ लागला नाही.

तिला वाचता येत नव्हतं. ‘ही सही तुजी हाय का?’ एवढंच तिने विचारलं.

पत्र मी पहिल्यांदाच बघत होते. तसं सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. पण मग संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळींत झालं असतं, बाई नुसती सहीपुरती. मी म्हटलं, ‘हो, माझीच. नियम आहे, मावशी.’

ती उठली. ‘मग तराजू तेवढा सोडवून दे,’ म्हणाली. दंड भरून मी तो सोडवला. एक पारडं मिळालंच नाही.

रात्री यांच्याशी भांडले. दुकानदारांना शब्द दिला होता म्हणाले. मग म्हणाले, ‘तुला निवडून कोणी आणलं?’ याला उत्तर आहे, वर सांगितलंच की, खाणावळ, डबे, घरगल्ली. पण पोस्टर, पोरं, पैसे, सगळं यांनीच उभं केलं होतं, हेही खरं. तीस वर्षं झाली, कधी एक बाजू वरचढ होते, कधी दुसरी.

त्यानंतर कोऱ्या कागदावर सही केली नाही, असं मी सगळ्यांना सांगते. प्रबंधवालीलाही तेच सांगणार होते. दोनदा केली. एकदा घाईत. दुसऱ्यांदा यांनी मागितली म्हणून.

१९९७ ला वॉर्ड खुला झाला आणि तिकीट यांना मिळालं. मला उभं राहायचंय का, हे कोणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. यांच्या प्रचाराला दारोदार फिरले. मावशीच्या चाळीत तळमजला केला, पहिला मजला केला. तिची खोली दुसऱ्यावर. जिन्यापाशी मी पोरांना म्हटलं, पाय दुखतायत, तुम्ही जाऊन या.