तिलावा आणि नेताजींची पाणबुडी

बडोद्याला समुद्र नाही आणि मी लिहितो बुडालेल्या जहाजांवर, यावरून दांडिया बाजारात सगळ्यांनी माझी यथेच्छ टर उडवून झाली आहे. त्या दिवशी एका अंकासाठी नेताजींच्या पाणबुडीप्रवासावर लिहीत होतो. एप्रिल १९४३ची अखेर, मादागास्करजवळचा खवळलेला समुद्र, जर्मन यू-१८० मधून रबरी होडीत उतरून जपानी आय-२९ वर चढणारे नेताजी आणि आबिद हसन. लेख आपोआपच पुढे सरकत होता.

तेवढ्यात समोरचे अण्णा बँकेतल्या जुन्या गुजराती दोस्ताला घेऊन आले. "याच्या वडिलांचं जहाज कोणी बुडवलं ते सांग रे जरा."

दोस्ताने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. गुजराती अक्षर, जांभळी पडलेली शाई, एक कोपरा उंदराने खाल्लेला. मुंबईहून नवसारीकडच्या गावी धाडलेलं: तिलावा बोट मिळाली, सामान चढलं, म्हशीचे राहिलेले पैसे देऊन टाक. एवढंच. तेव्हा हे काका आईच्या पोटात होते.

तिलावा २० नोव्हेंबर १९४२ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. माणसं ९५८. २३ तारखेला पहाटे पहिला टॉर्पेडो लागला, पण बोट लगेच बुडाली नाही. आता धोका टळला असं वाटून होड्यांतली काही माणसं परत वर चढू लागली, आणि दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले.

टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी आय-२९. टेबलावरच्या माझ्या अर्ध्या लेखातलीच.

सांगावं की गिळावं, असं क्षणभर झालं खरं. पण ऐंशी वर्षं थांबलेल्या माणसाशी लपवाछपवी कसली? सांगून टाकलं. काकांनी पोस्टकार्ड पिशवीत घातलं आणि विचारलं, "नेताजी नंतर बसले ना? मग त्यांचा काय दोष. पण त्या चांदीचं काय झालं?"

पेपरात त्यांनी वाचलं होतं. तिलावाच्या पोटात चांदीच्या २,३६४ लाद्या होत्या. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या उपसल्या. हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

"आणि माणसांचं?"

युनेस्कोचा २००१चा करार शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांना वारसा मानतो, म्हणजे तिलावाची पाळी २०४२मध्ये, हे मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ओशाळं वाटलं.

"तोपर्यंत मीपण वारसाच होईन," काका म्हणाले, आणि अण्णा खो खो हसले.

रात्री लेख पहिल्यापासून लिहिला. सुरुवात तिलावापासून, मग नेताजी, शेवटी २६ जुलै १९४४: फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकन सॉफिश पाणबुडीने आय-२९ बुडवली, खलाशांपैकी एकच वाचला. सकाळी संपादकांचा फोन. "नेताजींच्या अंकात ही बुडालेली बोट कशाला? तेवढा भाग काढू या."

म्हटलं, मग लेखच काढा. त्यांनी काढला.